सगळे वासे बदलायचे की लोखंडी ट्रस टाकायचा? त्याआधी शिडी लावून वर जा

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. दापोली तालुक्यात आजोबांचं दुपाखी कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, चाळीस बाय तीस फूट, वर्षातले दहा महिने कुलूप, गेल्या पावसात तीन ठिकाणी गळलं. सुतार म्हणतो सगळं छप्पर उतरवा, नवीन लाकूड घाला, १६५ घनफूट लागेल. फॅब्रिकेटर म्हणतो लाकडाच्या नादी लागूच नका, लोखंडी ट्रस, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, टाकून वर रंगीत पत्रा मारून देतो, पंधरा दिवसात काम खल्लास. आणि दोघांच्या बोलण्यातले निम्मे शब्द तुमच्या डोक्यावरून जातायत, म्हणून कोण खरं बोलतंय तेच कळत नाहीये.

आमच्या घरात सुतारकाम आधीपासून, मी पुढे सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि छपरांचीच कामं जास्त घेत आलोय, लाकडाचीही आणि लोखंडाचीही. त्यामुळे मला कुठल्या एका बाजूने भांडायचं कारण नाही. पण तुमचा प्रश्न लाकूड की लोखंड हा नाहीचे अजून. दोघांनी औषध सांगितलं, पण किती वासे खराब आहेत, कुठे खराब आहेत आणि कशामुळे, हे एकानेही लिहून दिलेलं नाही. ते कळल्याशिवाय कुठलाही आकडा बरोबर की चूक मी काय, कोणीच सांगू शकणार नाही.

आधी शब्द, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. घराच्या लांबीत सगळ्यात उंच जे आडवं लाकूड जातं ते आढं. आढ्यावरून दोन्ही भिंतींकडे तिरके उतरतात ते वासे. वाशांवर आडव्या मारलेल्या पट्ट्या त्या रिपा, मंगलोरी कौलाची नाकं या रिपांना अडकतात. वासा लांब असला की मधे आढ्याला समांतर एक आधार असतो, फॅब्रिकेटर त्याला पर्लिन म्हणेल, मी इथे मधला आधार म्हणतो. भिंतीच्या माथ्यावर वासे टेकायला लाकूड बसवलेलं असतं, त्याला इंजिनिअर लोक वॉल प्लेट म्हणतात, गावोगाव नाव वेगळं. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घराच्या रुंदीत जाणारी जी जाड लाकडं, ज्यांच्यावर माळा टाकलेला असतो, त्या तुळया. भिंतीच्या बाहेर आलेला छपराचा भाग आणि त्याखालची जागा ती वळचण. एका बाजूच्या उताराला पाखं म्हणतात, दोन पाखी म्हणून दुपाखी. एवढे शब्द आले की सुतार तुमच्याशी जरा वेगळ्या भाषेत बोलायला लागतो, खरं सांगतोय.

आता गळतीचं. तीन ठिकाणी गळलं म्हणजे छप्पर संपलं असं नाही. कौलारू छपराची शाकारणी दरवर्षी मृगाच्या आधी व्हायलाच पाहिजे, म्हणजे फुटकी कौलं बदलणं, सरकलेली बसवणं, पाचोळा काढणं, आढ्यावरच्या कोनाच्या कौलांची सांध भरणं. घर बंद असलं की हे कोणी करत नाही, वर माकडं नाचतात ती वेगळीच. एक कौल वीतभर सरकलं की त्याच्या खालचा वासा पूर्ण पावसाळाभर भिजतो, आणि दापोलीच्या पावसात भिजणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अजून एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत. पूर्वी चुलीचा धूर सगळ्या छपरातून फिरायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि किडा त्याच्याकडे फिरकायचा नाही. स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुट्ट दिसतात म्हणून मालक तेच आधी बदलायला सांगतो, आणि खरवडून बघितलं की सगळ्या घरात तेच ठणठणीत निघतात.

लाकूड कुजायला ओलावा लागतो, लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर पाणी टिकून राहिलं की बुरशी काम सुरू करते, त्याखाली नाही. म्हणून शंभर वर्षाचा वासा मधे दगडासारखा असतो आणि टोकाला हाताने चुरगळतो. लाकूड पाणी पितं ते जास्त करून टोकाकडून, बाजूंनी फार कमी. त्यामुळे खराबी शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: वळचणीकडची वाशांची टोकं, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं, वॉल प्लेटची खालची बाजू, पडवीचं छप्पर मुख्य छपराला जिथे मिळतं तिथली पन्हळ, आणि गळतीची खूण जिथे आहे ती जागा. यातली सगळ्यात वाईट म्हणजे तुळईचं भिंतीतलं टोक, कारण ते दिसत नाही, चिरा पाणी धरून ठेवतो, आणि चारी बाजूंनी चुनामाती भरून टाकलेली असली तर ते टोक कधी सुकतच नाही.

तर शिडी, टॉर्च, खडू, एक लांब पेचकस आणि हातोडी घ्या आणि माळ्यावर जा. एका टोकापासून वाशांना खडूने नंबर टाका. प्रत्येक वाशावर तीन ठिकाणी हातोडी वाजवा, खाली, मधे, वर. चांगलं लाकूड ठण्ण वाजतं, पोकळ झालेलं भद्द वाजतं, दोन-चार वाशांनंतर कान आपोआप तयार होतो. जिथे शंका तिथे पेचकस दाबून घुसवा. पाव इंचाच्या आत अडकला तर लाकूड शाबूत. इंचभर सहज गेला तर तो भाग गेला. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतील, भिंतीवरून वर आलेल्या, त्या कुठून येतात ते पायापर्यंत शोधा कारण वासा बदलून वाळवी जात नाही, नवीन वासा तिला ताजं जेवण. छोटी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो किडा, आणि तो बहुतेक वेळा लाकडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातच असतो, आतला गाभा सोडतो. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, ते पांढरं तासून काढायचं आणि आत किती उरतं ते मोजायचं. चार इंचाचा सव्वातीन उरला तरी बऱ्याचदा चालून जातो, अडीचच उरला तर नाही.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. माझ्या कामांत दिसलेलं असं की अशा घरात रिपा जवळजवळ सगळ्या जातात, वाशांतले एक तृतीयांशाच्या आसपास टोकाला खराब निघतात, पूर्ण गेलेले हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि आढं क्वचितच जातं कारण ते सगळ्यात कोरडं असतं. तुमच्या घरात वेगळं निघू शकतं, विशेषतः पाच-सात वर्षं शाकारणी झालीच नसेल तर. म्हणून मोजा म्हणतोय.

टोक खराब असलेला वासा पूर्ण काढावा लागत नाही. दिसणाऱ्या कुजीच्या पुढे अजून फूटभर कापायचं, आणि बाजूला तेवढ्याच उंचीचा नवीन वासा चिकटवून घ्यायचा, चांगल्या लाकडावर निदान तीन फूट ओव्हरलॅप, चार सुती म्हणजे अर्ध्या इंची बोल्ट दोन ओळींत, दोन्ही बाजूंना मोठे वायसर. नुसते खिळे मारून देतो म्हणणाऱ्याला थांबवा. आणि वासा उभाच राहिला पाहिजे. २ बाय ४ इंचाचं लाकूड उभं लावलं तर आडव्यापेक्षा दुप्पट वजन झेलतं आणि वाकतं चौथ्या भागाने, त्यामुळे घाईत कोणी आडवं ठोकलं तर दोन वर्षांत पाखं झोळ खातं. वीस फुटी वासा अखंड मिळत नाही, जोड येणारच, तो जोड मधल्या आधारावरच आला पाहिजे, अधांतरी नाही.

तुळईचं टोक गेलं असेल तर मात्र ते वाशासारखं हलक्याने घेऊ नका. खाली जॅक किंवा बल्ली, म्हणजे लाकडी टेकू, लावून तुळई आधी उचलून धरायची, मग कुजका भाग कापून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी किंवा चॅनल बोल्ट करून भिंतीवर टेकवायचा, लोखंड गंजरोधक रंग देऊनच. भिंतीतल्या खोबणीत दोन्ही अंगांना बोटभर हवा ठेवायची, सिमेंटने गच्च भरायचं नाही. गवंडी भरणारच, त्याला सवय असते, त्यामुळे तुम्ही तिथे उभे राहा.

आता १६५ घनफुटाकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचं खरं पोटदुखीचं कारण तेच आहे. घनफूट काढायची रीत सोपी: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. तुमच्या मापाचं छप्पर मी ढोबळ धरतो. तीस फुटाचं निम्मं पंधरा, त्यात दोन-सव्वादोन फूट वळचण, उतार फुटाला सात इंच म्हणजे तीस अंश, तर वाशाची तिरकी लांबी वीस फूट येते. दोन-दोन फुटांवर वासा धरला तर एका पाख्यात २१, दोन्ही मिळून ४२. २ बाय ४ चा वीस फुटी वासा १.११ घनफूट, ४२ चे झाले ४७. रिपा २ बाय १ च्या, साडेबारा इंचांवर, दोन्ही पाख्यांत मिळून चाळीस ओळी गुणिले चाळीस फूट, म्हणजे १६०० फूट, त्याचे २२. आढं ४ बाय ८ चं, चाळीस फूट, ९. मधले आधार दोन, ४ बाय ६ चे, १३. वॉल प्लेट ३ बाय ४ च्या दोन, ७. बेरीज ९८ घनफूट, तुळया सोडून.

मग १६५ कुठून आले? सुतार लबाड आहे असं लगेच धरू नका. दोन शक्यता आहेत. एक, त्याने तुळयाही धरल्यात. ५ बाय ८ ची तीस फूट तुळई सव्वाआठ घनफूट भरते, अशा पाच म्हटल्या तर चाळीसेक घनफूट तिथेच वाढतात. दुसरी शक्यता जास्त वाटते: त्याने गोल लाकडाचं माप सांगितलंय, चिरलेल्याचं नाही. गोल ओंडका मोजताना दोरीने घेर घेतात, त्याला चारने भागतात, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. ४८ इंच घेर आणि दहा फूट लांबी असेल तर बारा गुणिले बारा गुणिले दहा भागिले १४४, म्हणजे दहा घनफूट. खरं आकारमान यापेक्षा जास्त असतं, हे माप खऱ्याच्या ७८ टक्क्यांच्या आसपास येतं, तो हिशोब साल आणि कडा जाणार म्हणून व्यापारात पूर्वीपासून चालत आलाय. तरीही असा दहा घनफुटाचा ओंडका मिलवर चिरला की माझ्या अनुभवात सहा-साडेसहा घनफूट कामाचं लाकूड हातात येतं, बाकी पाट्या, तुकडे आणि भुसा. ९८ भागिले ०.६ करून बघा, १६३ येतात. म्हणजे सुताराचा हिशोब सगळं बदलायचं धरून अगदी बरोबर असू शकतो. फक्त त्याला एकच विचारा, हे घनफूट गोल की चिराई, आणि दर कशावर लावलाय. गोल लाकडाचं माप आणि चिराई लाकडाचा दर असं झालं असेल तर मात्र तुम्ही दीडपटीला जाताय. चिराईची मजुरी वेगळी आहे का तेही विचारा, आणि २ बाय ४ म्हणतोय ते रंधा मारायच्या आधीचं की नंतरचं. मिलमधून येऊन रंधा झाला की पावणेदोन बाय पावणेचार राहतं, वाशाला रंधा मारायची गरजही नसते, वरून कोण बघणार आहे.

आणि तुमच्या यादीप्रमाणे जर सगळ्या रिपा आणि चौदा-पंधरा वाशांचे जोड एवढंच निघालं, तर रिपांचे २२ आणि जोडांचे सात-आठ, मिळून चिराई तीस घनफूट. १६५ आणि ३० हा फरक आहे बघा.

लाकूड कुठलं हा पुढचा प्रश्न. वाशांना साग लागतोच असं काही नाही. बल्लारशा-आलापल्लीचा साग उत्तमच, अयोध्येच्या देवळाच्या दारांना चंद्रपूर-गडचिरोलीकडचाच साग गेलाय, पण तो दार-खिडकीला घाला, कौलांखाली लपवायला नको. बाजारात साग म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा कोवळ्या झाडाचं, निम्मं पांढरं, आणि पांढरा साग किड्याला आंबा जितका आवडतो तितकाच आवडतो. आपल्याकडे वाशांना ऐन आणि किंजळ पूर्वीपासून वापरतात, दोन्ही जड आणि दणकट. ऐन सुकताना तडकतो आणि सुकला की खिळा घेत नाही, आधी ड्रिल मारावं लागतं, जुने सुतार गिरमिटाने भोक पाडूनच खिळा मारायचे. फणसाचा पिवळा गाभा चांगला टिकतो. आंबा वाशाला नको, कोणी कितीही फुकट देत असला तरी. निलगिरी पीळ खाते. माडाचं म्हणाल तर जुन्या, वय झालेल्या माडाचा बाहेरचा काळसर कडक भागच कामाचा, आतला भुसभुशीत. रिपांना चिरलेली पोफळ गावाकडे अजून वापरतात, स्वस्त पडते, पण तुम्ही घर बंद ठेवता म्हणून मी तुम्हाला रिपा गाभ्याच्या लाकडाच्या किंवा सरळ लोखंडी घ्या म्हणेन.

जुन्या वाड्यांचं, चाळींचं उतरवलेलं लाकूड मिळालं तर जरूर बघा, पूर्ण सुकलेलं असतं. आत मोडलेले खिळे असतात, मिलवाला त्यासाठी कटकट करतो, आधी सगळे खिळे अंबुराने काढून द्या.

तुमच्याच आवारातलं झाड तोडायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यातल्या यादीत आहेत, आपल्या जमिनीतलं असलं तरी वनखात्याची परवानगी लागते आणि लाकूड मिलपर्यंत न्यायला वाहतुकीचा पासही. सुतार म्हणेल काही लागत नाही, टेम्पो अडवल्यावर तो तिथे नसतो. शिवाय ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही. इंचाला वर्ष असा ढोबळ हिशोब आहे उघड्यावर सावलीत सुकवण्याचा, म्हणजे दोन इंची वाशाला चांगली दोन वर्षं. एवढं कोणी थांबत नाही हे मलाही माहितीये, पण निदान दिवाळीत चिरून फळ्यांमधे काड्या घालून थर लावून ठेवलं आणि एप्रिलमधे चढवलं तर पीळ बराचसा खालीच निघून जातो. मे महिन्यात झाड तोडून मृगाच्या आत छप्पर उभं करणारे आहेत, त्यांची पाखी दोन वर्षांनी समुद्राच्या लाटेसारखी दिसतात.

टोकांना आणि भिंतीला लागणाऱ्या भागाला चढवायच्या आधी काजूच्या टरफलांचं तेल किंवा बाजारातलं वाळवीचं औषध दोन हात द्या, टोकाच्या कापलेल्या तोंडाला तर चार हात. काजूचं तेल हाताला लागलं तर भाजल्यासारखी कातडी निघते, हातमोजे घालून.

आता लोखंड. लोखंडाला माझा विरोध नाही. तुळया आणि आढंच गेलं असेल, किंवा वाळवी पायापासून मुरलेली असेल, किंवा घराकडे बघायला पुढची वीस वर्षं कोणी नाही हे पक्कं असेल, तर लोखंडच करा, मी स्वतः तसं सांगतो लोकांना. पण दापोलीत समुद्राची हवा आहे, त्यामुळे कसं करतायत याला महत्त्व. चौकोनी पाइप आतून गंजतो, बाहेरून रंग छान दिसत असतो आणि एक दिवस बोट आत जातं. म्हणून प्रत्येक पाइपचं तोंड पत्र्याने वेल्ड करून बंद, वेल्डिंग सगळीकडून फिरवून, नुसते टाके नाहीत. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घेतला तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथे जस्ताचा प्रायमर द्यावाच लागतो, साधा लाल प्रायमर फासून गंज थांबत नाही. जाडी तोंडी मानू नका, वजन करा. दोन बाय दोन इंची, २ मिमी जाडीचा वीस फुटी पाइप साधारण अठरा किलो भरतो, चौदा-पंधरा भरला तर तो सोळा गेजचा, म्हणजे पातळ आहे, दर मात्र चौदा गेजचा लागलेला असतो.

दुसरं, ट्रसचं सगळं वजन पायांच्या जागी एकवटतं आणि तो पाय थेट चिऱ्यावर ठेवला तर चिरा फुटतो. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा बीम फिरवून, त्यात बोल्ट सोडून, त्यावर ट्रसच्या पायाखाली बेसप्लेट, म्हणजे जाड लोखंडी पाटी. कोटेशनमधे हा बीम आहे का बघा, नसणारच बहुतेक, पंधरा दिवसात काम खल्लास ते त्याशिवायच होतं.

तिसरं पत्र्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडात काय झालं ते तुमच्या गावात कोणालाही विचारा. कौलंही गेली, खोटं कशाला बोलू. पण कौलं ठिकठिकाणी उडाली आणि छप्पर जागेवर राहिलं, पत्रे मात्र जिथे सुटले तिथे रिपांसकट, काही ठिकाणी अख्ख्या सांगाड्यासकट शेजारच्या वाडीत सापडले. कारण साधं आहे. कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो, पत्र्याचं चार-पाच. वादळात वरच्या बाजूला चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास खेच येऊ शकते. कौलांच्या फटींतून हवा निघून जाते म्हणून खेच थोडी मोडते, पत्र्याखाली ती अडकते. मग पत्रा लावायचा तर खाली ओढून धरणारं काम दुपटीने चांगलं पाहिजे: बोल्ट भिंतीत खोल, कडेच्या आणि कोपऱ्याच्या स्क्रूंचं अंतर निम्मं. उन्हाळ्यातला ताप आणि पावसातला आवाज हे तर आहेच, पण ते तुम्ही दोन महिने सहन कराल.

लोखंडी सांगाड्यावर कौलं हाही रस्ता आहे आणि मला तो जास्त आवडतो. तुमची पाखी दोन मिळून १६०० चौरस फूट, शंभर फुटाला दीडशेच्या जवळ कौलं लागतात, म्हणजे २३५०-२४०० कौलं आणि जवळजवळ सहा टन वजन, भिजल्यावर आणखी थोडं. फॅब्रिकेटरने पत्रा धरून ट्रस काढला आणि मागाहून तुम्ही कौलं घालायचं ठरवलंत तर तो वाकेल. त्याला पहिल्या दिवशीच सांगा. जुनी कौलं उतरवताना निम्मी तरी शाबूत निघतात, जुन्या कंपन्यांची असतील तर टाकू नका, मंगलोरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने १८६० च्या दशकात पहिला कारखाना काढला तेव्हापासूनचा शिक्का मारलेला माल कोकणात अजून छपरांवर आहे आणि आताच्या कित्येक कौलांपेक्षा बरा आहे. पण रिपांचं अंतर बाजारातलं पुस्तकी धरू नका, तुमचीच दहा कौलं जमिनीवर एकात एक लावून मोजा आणि तेवढ्यावर रिपा मारायला लावा. जुनी आणि नवी कौलं एकाच पाख्यात मिसळू नका, मापात दोन-चार सुतांचा फरक निघतो आणि तिथेच गळतं. एक पाखं जुन्यांचं, एक नव्यांचं.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फॅब्रिकेटर असो की सुतार, माळा मोकळा दिसावा, खोलीला उंची यावी म्हणून तुळया कापू या असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. वासे वजनाने खाली दाबतात तसे भिंतींना बाहेरही ढकलतात, घडीच्या शिडीची दोरी तोडली की पाय फाकतात तसं. काही घरांत तुळया हीच ती दोरी असते. तुळई गेली की चिऱ्याची भिंत वरच्या बाजूला हळूहळू बाहेर झुकते, आधी खिडकीच्या कोपऱ्यावर तिरकी चीर दिसते, लोक तिला पुट्टी लावतात. आत्ताच ओळंबा घेऊन दोन्ही लांब भिंती बाहेरून तपासा. दहा फुटात अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक जुन्या बांधकामात असतोच, दीड-दोन इंच असेल आणि चीर ताजी असेल तर सुतारही नको आणि फॅब्रिकेटरही नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

कोटेशन दोघांकडूनही पुन्हा मागा, पण तुमची खडूची यादी हातात देऊन. वासा नंबर अमुक, खालचं टोक, इतका फूट जोड. लाकडाची जात, चिराई माप, नग, प्रत्येकाचे घनफूट, मजुरी रोजावर की घनफुटावर, कौलं उतरवणं-चढवणं कोणाकडे, उतरवलेलं जुनं लाकूड कोणाचं. हे शेवटचं नक्की लिहून घ्या, पूर्ण छप्पर बदला म्हणणाऱ्यांतल्या काहींचा डोळा त्या जुन्या लाकडावरच असतो. यादी दिली आणि त्यावर दर लावायला जो नाही म्हणाला, त्याला काम देऊ नका.

तुम्ही फोटो टाकलेत त्यात माळ्याचा आतला भाग नाहीये. आढ्याखाली मधल्या भिंतीवरून किंवा तुळईवरून वर गेलेले खांब आहेत का, की आढं नुसतं वाशांच्या टेकण्यावर उभं आहे, ते बघून सांगा. खांब असतील तर वजन बरंचसं सरळ खाली जातं, वासे एकेक काढून जोडता येतील आणि घर उघडं न टाकता एकेका पाख्याचं काम होईल. नसतील तर एका बाजूचे वासे काढले की दुसरी बाजू ढकलते, मग आधी आढ्याला तात्पुरत्या बल्ल्या लावाव्या लागतात, आणि तो खर्च दोघांच्याही कोटेशनमधे नाहीये.